पाकिटावर नाव नाही, ती गोळी कशाची?

डॉक्टर, नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे. सिंहगड रस्त्याला राहते, ज्युनिअर कॉलेजात शिकवते. उंची १५७ सेंटिमीटर. जुलैत वजन ८४ किलो होतं, आज ७९ आहे. बीपीची एक गोळी रोज घेते. शुगर ‘काठावर’ आहे, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए१सी ६.१ आलं होतं. दोन महिन्यांपूर्वी एका वजन कमी करण्याच्या सेंटरमध्ये नाव घातलं. तिथे भूक कमी व्हायच्या कॅप्सूल देतात, सकाळी एक, दुपारी एक. खाकी पाकिटात सुट्या मिळतात, स्ट्रिप नसते. नाव विचारलं तर ‘आमचं कॉम्बिनेशन आहे’ म्हणतात. भूक खरंच गेली, कॉलेजात नेलेला डबा तसाच परत येतो. पण झोपही गेली. तोंडाला कोरड पडते, शिकवताना छातीत धडधडतं, हातातलं घड्याळ बसल्या जागी पल्स ११२ दाखवतं. मुलीवर उगाच ओरडते. आणि रात्री अकरानंतर, सगळे झोपले की, मी ओट्यापाशी उभी राहून डब्यातली शेव, तूप-साखर-पोळी, हाताला लागेल ते खाते.

माझ्या धाकट्या जावेने इंजेक्शन घेऊन चौदा किलो कमी केले. ती म्हणते, तिच्या पेनमध्ये डोस शिल्लक आहेत, तू सुरू कर. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे वजनाचा विषय काढला की ते म्हणतात, ‘तोंडाला कुलूप लावा.’ नवऱ्याला यातलं काही माहीत नाही, त्याला वाटतं मी डाएट करतेय. भाच्याचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, तोवर ७० वर यायचंय. गोळ्या चालू ठेवू का? इंजेक्शन घेऊ का? सोडल्यावर वजन परत येतं का? आणि नवरात्राचे नऊ दिवस मी कडक उपवास करते, तो करू ना?

— एक वाचक, पुणे

ताई,

उद्या सकाळची कॅप्सूल घेऊ नका. दुपारचीही नको. ते खाकी पाकीट मात्र फेकून देऊ नका, ते पर्समध्ये टाका आणि उद्या, फार तर परवा, एखाद्या एमडी फिजिशियनकडे जा. पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवा, घड्याळातले पल्सचे आकडे दाखवा आणि दोन महिने काय काय घेतलं ते न लाजता सांगा. ते बीपी बघतील, ईसीजी काढतील, थायरॉइड, किडनी आणि सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगतील. बीपीची गोळी तुम्ही बंद करायची नाही, ती रोजच्यासारखी चालूच राहील. सर्दी झाली तर मेडिकलमधून आपल्या मनाने सर्दीची गोळी आणू नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते बीपी आणि ठोके आणखी वाढवतं. चहा-कॉफी आठवडाभर निम्म्यावर आणा.

आणि हे वाचेपर्यंत छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, ठोके अनियमित पडताहेत असं वाटलं किंवा डोकं असह्य ठणकायला लागलं, तर उद्याची वाट बघायची नाही. नवऱ्याला उठवायचं आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची, नाहीतर १०८ ला फोन करायचा.

गोळी बंद केल्यावर काही दिवस त्रास होईल, तो आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरून पुन्हा पाकिटाकडे हात जाणार नाही. अंग जड होईल, झोप झोप होईल, मन उदास राहील आणि भूक दुपटीने लागेल. काट्यावर एक-दोन किलो झटक्यात वाढलेले दिसले तर तेही धरून चाला. असल्या मिश्रणांत कधीकधी लघवी वाढवणारं औषधही घातलेलं असतं. त्याने शरीरातलं पाणी जातं, चरबी जागची हलत नाही. ते पाणी परत येतं एवढंच. उदासपणा आठवडाभराने कमी होण्याऐवजी वाढत गेला, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.

आता त्या ‘कॉम्बिनेशन’विषयी. भेळवाल्याने आपलं कॉम्बिनेशन गुपित ठेवलं तर चालतं, औषध देणाऱ्याने ठेवलेलं चालत नाही. तुमच्या पोटात काय जातंय हे तुम्हाला कळलंच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस घ्यायचं ते, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. स्ट्रिपवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हवी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते, ती तुम्ही पाहिली असेल. सुट्या कॅप्सूल पाकिटात घालून देण्यात ही सगळी माहिती आपोआप गळून जाते, आणि कित्येकदा पाकिटाचा उद्देशच तो असतो. तुमच्या पाकिटात नेमकं काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण कोरडं तोंड, उडालेली झोप, ११२ पल्स, चिडचिड आणि मेलेली भूक ही लक्षणं एकत्र आली की कोणताही डॉक्टर उत्तेजक औषधाचा संशय घेईल. दुसरा संशय थायरॉइडच्या गोळीचा. ज्याला थायरॉइडचा आजार नाही त्याला ती भरपूर दिली की वजन उतरतं, पण त्याबरोबर स्नायूही झिजतात आणि हृदयाला ताण बसतो. तुम्हाला तर आधीच बीपी आहे.

भूक मारणाऱ्या गोळ्यांचा इतिहास थोडा सांगते, कारण तो सेंटरवाले सांगणार नाहीत. फेंटरमिन नावाची गोळी अमेरिकेत १९५९ मध्ये मंजूर झाली, ती तिथे आजही मिळते, पण थोड्याच आठवड्यांसाठी आणि हृदयविकार नसलेल्यांसाठी. नव्वदच्या दशकात तिच्या जोडीला फेनफ्लुरामिन द्यायची टूम निघाली. लाखो लोकांनी ती जोडगोळी घेतली, आणि मग बायकांच्या हृदयाच्या झडपा खराब झालेल्या दिसायला लागल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. त्यानंतर आली सिबुट्रामिन. ही आपल्याकडेही लिहिली जायची आणि तिच्याबद्दल पेशंट स्वतःहून विचारायचे. सुमारे दहा हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना आधीच हृदयाचा आजार किंवा मधुमेह होता त्यांच्यात हार्ट अॅटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण या गोळीने १६ टक्क्यांनी वाढलं. २०१० मध्ये ती युरोप-अमेरिकेतून गेली, २०११ च्या फेब्रुवारीत भारतात तिच्यावर बंदी आली. मध्यंतरी रिमोनाबँट येऊन गेलं. त्याने भूक जायची आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार यायचे, म्हणून तेही बंद झालं.

यातली मेख अशी, की बंदी आल्यावर सिबुट्रामिन संपली नाही. ‘शंभर टक्के हर्बल’, ‘आयुर्वेदिक’, ‘स्लिमिंग टी’ असं लिहिलेल्या डब्यांत ती लपवून घातलेली असते, हे निरनिराळ्या देशांतल्या औषध नियामकांना पुन:पुन्हा सापडलंय. तेव्हा सेंटरने ‘जडीबुटी आहे, काही होत नाही’ असं म्हटलं, तर तुमच्या पल्सला ते मान्य नाही एवढं लक्षात ठेवा. उरलेल्या कॅप्सूल घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तुमची तब्येत ताळ्यावर आली की कराच, तुमच्यामागून तिथे नाव घालणाऱ्या बायका असतील.

आता तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं कुलूप. मला त्यांचा राग आला, हे लपवत नाही. वजन वाढणं म्हणजे तोंडाचा सैलपणा, हे माझ्या पिढीतल्या पुष्कळ डॉक्टरांच्या डोक्यात घट्ट बसलंय. प्रत्यक्षात वजन उतरायला लागलं की शरीर घाबरतं. चरबीतून मेंदूला ‘साठा आहे’ असं कळवणारं लेप्टिन कमी होतं, जठरातून भूक सांगणारं घ्रेलिन वाढतं, आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या बाईला, मुळात तेवढंच वजन असलेल्या बाईपेक्षा जास्त भूक लागते. तिला मनोनिग्रह करायला सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याला ती भूक लागलेली नसते.

शिवाय आपलं शरीर मुळातच थोडं वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची ९.१ टक्के भरली आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बाहेरून सडसडीत आणि आतून चरबीचा साठा, हा भारतीय देहाचा गुण त्या एका फोटोत दिसतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. तुमचा बीएमआय आज ३२ आहे, बीपी आहे, शुगर काठावर आहे. ही जी तुमची अवस्था आहे तिला वैद्यकात आजार म्हणतात आणि आजाराला औषध घ्यायला लाज कसली? तेव्हा ‘औषध घेऊ का’ या प्रश्नाला माझा नकार नाही. नकार आहे तो पाकिटाला.

इंजेक्शनकडे वळू. तुमच्या जावेने घेतलं ते बहुधा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड असणार. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन निघतं. ते मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि शुगर वाढली असेल तर इन्सुलिनला हाक मारतं. ही इंजेक्शनं त्या हार्मोनची टिकाऊ नक्कल आहेत. टिर्झेपटाइड त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनचं काम करतं. (या घराण्यातलं पहिलं औषध अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्यामुळे सापडलं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.) जुन्या गोळ्या मेंदूला चाबूक मारून भूक विसरायला लावत, त्यामुळे ठोके आणि बीपी त्यांच्याबरोबर वर जायचं. नव्या इंजेक्शनांनीही पल्स थोडी वाढते, पण बीपी सहसा उतरतं. जेवताना अर्ध्या पोळीतच पोट भरल्यासारखं वाटतं आणि मग डोक्यातला ‘काहीतरी खाऊया’चा धोशा थांबतो, असं माझे पेशंट सांगतात.

परिणाम खरा आहे. मधुमेह नसलेल्या १,९६१ लोकांवरच्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. नुसती पाण्याची सुई आणि आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्यांचं २.४ टक्के. तुमच्या ७९ किलोच्या हिशोबात हे साधारण बारा किलो झाले, पण सरासरीने. कुणाचे वीस जातात, कुणाचे चार. टिर्झेपटाइडचा आकडा याहून मोठा आहे.

आता ६८ आठवडे हा शब्द पुन्हा वाचा आणि लग्नाची तारीख त्याशेजारी ठेवा. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दर चार आठवड्यांनी एक पायरी चढवतात. २.४ च्या पूर्ण डोसपर्यंत पोचायलाच सोळा आठवडे लागतात. आज सुरुवात केलीत तर भाच्याच्या अक्षता पडतील तेव्हा तुम्ही वाटेत कुठेतरी असाल, आणि घाईने पायऱ्या गाळल्या तर मांडवाऐवजी बाथरूममध्ये असाल. मळमळ, उलटी, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ, हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत आणि डोस चढवताना ते जोर करतात. म्हणून जावेचं पेन तर नकोच. ती ज्या पायरीवर आहे ती तुमची पहिली पायरी नाही. शिवाय सुई नवीन लावली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरणं म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या रोगांना दार उघडणं. उघडलेल्या पेनला मुदत असते, ते तिच्या फ्रिजमध्ये किती दिवस पडलंय हे तिलाही आठवणार नाही. प्रेमाने देतेय ती, तिला प्रेमानेच नाही म्हणा.

इंजेक्शन लिहून देण्याआधी डॉक्टर जे विचारतील त्याची उत्तरं तयार ठेवा. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, हे नक्की विचारून घ्या. तसं असेल तर ही इंजेक्शनं देत नाहीत. (नेहमीचा हायपोथायरॉइड वेगळा, त्याने अडत नाही.) स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, हेही. वजन वेगाने उतरताना खडे होण्याचा संभव वाढतो. इंजेक्शन चालू असताना पोटात वरच्या बाजूला जोराने दुखलं, कळ पाठीत गेली आणि उलट्या थांबेनात, तर नुसता डोस पुढे ढकलून थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर साधन वापरावं लागेल. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा त्या घेत असाल तर सांगा. आणि कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनबद्दल आधी कळवायचं, कारण जठर उशिरा रिकामं होतं.

पैशाचंही बोलायला हवं, पगार तुमचा आहे. टिर्झेपटाइड आलं तेव्हा सगळ्यात कमी डोसची एक कुपी ३,५०० रुपयांची होती, आठवड्याला एक. म्हणजे महिन्याला चौदा हजार, आणि डोस चढेल तसे जास्त. भाव बदलत असतात, तुमच्या मेडिकलमध्ये आजचा विचारा आणि बारा महिन्यांनी गुणा. कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. सोडलं की वजन परत येतं. त्याच सेमाग्लुटाइडच्या अभ्यासातल्या लोकांचं औषध थांबवून वर्षभर बघितलं, तर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आलेलं होतं. बीपीची गोळी थांबवली की बीपी वाढतं, तेव्हा आपण गोळीला नावं ठेवत नाही. तसंच हे. तीन महिन्यांचे पैसे आहेत, बाकीचं बघू, असा हिशोब असेल तर सुरूच करू नका, त्या पैशात वर्षभराचा चांगला आहारतज्ज्ञ येतो. दर महिन्याला परवडणार असेल, डॉक्टर दर महिन्याला बघणार असतील, तर तुम्ही त्यासाठी योग्य पेशंट आहात.

घ्यायचं ठरलं तर ताटात काय, हा प्रश्न आत्तापेक्षा मोठा होईल. भूक कमी झाली की बायका आधी डाळ आणि उसळ सोडतात आणि चहा-बिस्किटावर निभावतात. मग उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. दंड लुळे पडतात, पायऱ्या चढताना गुडघे बोलतात. तेव्हा ताटातला पहिला घास मटकीचा, पनीरचा, अंड्याचा नाहीतर दह्याचा, पोळी-भात नंतर. वडा, भजी, मिसळीची तर्री त्या दिवसांत हमखास उलटते, कुणी सांगायची गरज पडत नाही. आणि नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. पर्वती चढा, तळजाईला जा, उत्तम, पण आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, भिंतीला हात टेकून का होईना दंड काढायचे, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायची.

हे सगळं लिहिताना माझं लक्ष तुमच्या ओट्यापाशीच होतं. तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ ती आहे, आणि तुम्ही ती मधल्यामध्ये लिहून पुढे निघून गेलात.

तुमचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी कॅप्सूल आणि चहा. डबा उघडत नाही, तो तसाच परत येतो. दुपारी दुसरी कॅप्सूल. संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, सगळ्यांची पानं वाढणं, स्वतः बहुधा अर्धी पोळी. रात्री दहाच्या पुढे कॅप्सूलचा जोर ओसरतो आणि दिवसभराची सगळी भूक एकदम दारात येते. तेव्हा शरीराला उसळ नको असते, त्याला झटपट काहीतरी हवं असतं, शेव आणि तूप-साखर. यात तुमचा दुबळेपणा काही नाही. सोळा तास उपाशी ठेवलेला कुणीही माणूस हेच करेल.

पण तेवढंच आहे असं मला वाटत नाही. रात्री अकरानंतरची ती वीस मिनिटं ही तुमच्या दिवसातली एकच वेळ दिसते, जेव्हा कुणाला तुमच्याकडून काही नको असतं. तिथे तुम्ही दिवा लावत नाही, बसत नाही, ताटलीही घेत नाही. दिवा लावला तर कुणी उठेल, ताटली घेतली तर ते जेवण ठरेल. या खाण्याला इंजेक्शन काही अंशी आवर घालेल. पण पोट भरलेलं असतानाही, मळमळत असतानाही ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, कारण त्या तिथे पोटासाठी जात नव्हत्या.

तर दोन आठवडे वजनाचा काटा कपाटात टाका आणि एवढंच करा. सकाळी निघण्याआधी एक अंडं, धिरडं, काहीही, पण खाऊन निघा. एकच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून डबा संपवा, पेपर तपासता तपासता नाही. पाचला मूठभर फुटाणे किंवा ताक. आठला सगळ्यांबरोबर बसून जेवा, वाढायला दुसरं कुणी उठू दे. आणि अकरा वाजता खावंसं वाटलंच तर खा, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, टेबलाशी बसून. दोन आठवड्यांत रात्रीचं खाणं आपोआप ओसरलं तर ते भुकेचं होतं. नाही ओसरलं, हात थांबतच नाही असं वाटत राहिलं, खाल्ल्यावर स्वतःची किळस येत असेल, उलटी काढावीशी वाटत असेल, तर त्याला खाण्याचा विकार म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ते मानसोपचारतज्ज्ञ करतात. फिजिशियनला ही ओळ पहिल्या भेटीतच सांगा, कारण कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं अजिबात नाही हे त्यावर ठरतं.

सत्तर किलोचा आकडा लग्नासाठी विसरा. अडीच महिन्यांत नऊ किलो उतरवायची घाई तुम्हाला पुन्हा कुठल्यातरी पाकिटापाशी नेईल. सध्याच्या वजनाचे पाच टक्के, म्हणजे चारेक किलो, सावकाश उतरले तरी बीपी आणि शुगर दोन्हींत फरक दिसतो. ब्लाउज आजच्या मापाचे शिवा आणि आत दोन इंच कापड सोडायला सांगा. शिंप्याला ते सांगावं लागत नाही म्हणा.

नवऱ्याला सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, फक्त माहीत नाही एवढं लिहिलंत. सांगा. संसाराच्या तत्त्वज्ञानासाठी नव्हे, तर उद्या रात्री तुम्ही चक्कर येऊन पडलात तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर पहिला प्रश्न ‘कोणती औषधं चालू आहेत?’ हा विचारणार आणि उत्तर नवऱ्यालाच द्यावं लागणार म्हणून. ते चिडतील कदाचित, पैशांवरून तर नक्कीच. उद्या डॉक्टरांकडे त्यांनाच बरोबर न्या. बायकोचा ईसीजी निघताना शेजारी उभं राहिलेला माणूस फार वेळ चिडत नाही.

राहिला नवरात्राचा उपवास. इंजेक्शनवर असणाऱ्या प्रत्येकीला मी उपवासाला मनाई करत नाही, पण तुम्ही यंदा नऊ दिवस कडक नका करू. गोळी सुटल्यावर भूक उसळणार आहे, आणि दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडलात की ओट्याचाच प्रकार फराळाच्या नावाखाली सुरू होईल. घट बसवा, माळ चढवा, आरती करा. उपवास उठता-बसता धरा, पहिल्या दिवशी आणि अष्टमीला. त्या दोन दिवशीही बीपीची गोळी वेळेवर, दुपारी राजगिऱ्याची भाकरी आणि दही, मधे ताक आणि फळ. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आणि माझ्यावर ढकलून मोकळ्या व्हा.